कॅम्परमधली लाइट गेली तर तपासणी कुठून सुरू करायची? नागपूरच्या नव्या कॅम्परवाल्यांसाठी

नागपूरहून कॅम्पर घेऊन निघायचं म्हटलं तर जागांना तोटा नाही. रामटेक-खिंडसी तासा-दीड तासावर, सिल्लारीचं पेंच त्याच बाजूला, ताडोबाही अर्ध्या दिवसात गाठता येतं. समृद्धी महामार्गाने तर थेट मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता मोकळा केला. अडचण येते ती मुक्कामी पोहोचल्यावर. दिवे मंद होतात, पंखा रेंगाळतो, फ्रिज मध्येच बंद पडतो, इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागतो. अशा वेळी जो तो एकच सल्ला देतो: बॅटरी गेली, नवीन टाका.

हा सल्ला ऐकू नका, निदान मीटर लावल्याशिवाय तरी नाही. कॅम्परमधल्या विजेच्या तक्रारी बहुतेक वेळा बॅटरीच्या आत नसतात. त्या जोडांवर असतात: सैल नट, गंजलेली अर्थ, अर्धवट दाबलेलं थिंबल (केबलच्या टोकाला बसवलेली धातूची कडी), जळका फ्यूज होल्डर. नव्या बॅटरीला पंधरा-वीस हजार किंवा त्याहून जास्त मोजायचे आणि तीच बॅटरी त्याच सैल जोडाला लावायची, म्हणजे महिन्याभरात पुन्हा तेच रडगाणं.

आधी आपली गाडी समजून घ्या

कॅम्परमध्ये तीन वेगवेगळ्या व्यवस्था असतात आणि नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. पहिली गाडीची स्वतःची बॅटरी. ती सेल्फ मारायला, हेडलाइटला आणि हॉर्नला. दुसरी घराची बॅटरी, म्हणजे आतले दिवे, पाण्याचा पंप, पंखा, १२ व्होल्टचा फ्रिज आणि इन्व्हर्टर यांच्यासाठीची. तिसरी २३० व्होल्टची लाइन. ती बाहेरच्या सॉकेटमधून केबलने येते किंवा इन्व्हर्टर आतच तयार करतो.

घराची बॅटरी तीन वाटांनी भरते: छतावरचं सोलर, चालत्या इंजिनाचा अल्टरनेटर आणि बाहेरच्या लाइनवर चालणारा चार्जर. कागदावर याचं एक साधं चित्र काढा. कोणता फ्यूज कुठे, मेन स्विच कुठे, इन्व्हर्टर कोणत्या सीटखाली, सगळं लिहा आणि तो कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. गाडी दुसऱ्याकडून बनवून घेतली असेल तर ताब्यात घेतानाच हे चित्र मागून घ्या. नंतर ते सहसा मिळत नाही.

सोबत काय ठेवायचं

एक डिजिटल मल्टीमीटर हवाच. सीताबर्डीच्या बाजारात काही शे रुपयांत कामचलाऊ मिळतो आणि तो पुरतो. पैसे असतील तर क्लॅम्प मीटर घ्या, पण घेताना डीसी, म्हणजे बॅटरीचा करंट मोजतो का ते विचारा. स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी, म्हणजे घरच्या लाइनचा करंट मोजतात आणि १२ व्होल्टच्या वायरवर शून्य दाखवत बसतात. याशिवाय १० आणि १३ नंबरचे पाने, वायर ब्रश, पॉलिश पेपर, पेट्रोलियम जेली, चांगली टेप आणि प्रत्येक क्षमतेचे दोन-दोन फ्यूज. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. १० चा जळला म्हणून हाताशी आलेला ३० चा बसवला, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते. गाड्यांना आगी लागण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

हात लावण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढा. १२ व्होल्टने शॉक बसत नाही हे खरं, पण बॅटरीच्या पॉझिटिव्हवर पाना टेकला आणि अंगठी पाना व गाडीच्या पत्र्याच्या मध्ये सापडली की अंगठी क्षणात लालबुंद होते. बॅटरीची जोडणी सोडवताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. सोलर कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरीच्या मधला डबा) असेल तर आधी पॅनेल वेगळं करायचं आणि मग बॅटरी. पॅनेल चालू ठेवून बॅटरी काढली तर कंट्रोलर खराब होऊ शकतो.

पहिली पायरी: काय बंद आहे आणि काय चालू आहे?

एकच दिवा किंवा एकटा पंप बंद असेल तर बॅटरीकडे बघायचंच नाही. त्या एका ओळीचा फ्यूज, स्विच आणि अर्थ बघा. १२ व्होल्टचं सगळंच बंद असेल तर मेन फ्यूज, मेन स्विच किंवा बॅटरी. १२ व्होल्ट ठीक आणि फक्त सॉकेट बंद असतील तर इन्व्हर्टर किंवा बाहेरची लाइन. सगळं चालतंय पण मंद आहे, किंवा पंप सुरू केला की दिवे मिणमिणतात, तर जवळजवळ खात्रीने एखादा जोड सैल आहे किंवा बॅटरी उतरली आहे. एवढ्या दोन मिनिटांच्या निरीक्षणाने निम्मं काम संपतं.

दुसरी पायरी: बॅटरीला मीटर लावा

मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर ठेवा. अँपिअरच्या भोकात लाल वायर खोचून बॅटरीला कधीही लावू नका, थेट शॉर्ट होतो. चार्जिंग आणि लोड दोन्ही बंद करून निदान तासभर थांबा आणि मग मोजा. चार्जिंग थांबल्याबरोबर दिसणारा आकडा नेहमीच फुगलेला असतो.

लेड-ॲसिड बॅटरी, म्हणजे आपल्या घरच्या इन्व्हर्टरला असते तशी ट्यूब्युलर, जेल किंवा एजीएम, पूर्ण भरलेली असेल तर १२.७ च्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२.० खाली गेलात तर तिचं आयुष्य कापायला सुरुवात झाली असं समजा. लिथियमचं गणित वेगळं. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी भरलेली असताना १३.३-१३.४ दाखवते आणि मधल्या मोठ्या पट्ट्यात आकडा फारसा हलतच नाही. १३.२ बघून किती शिल्लक आहे हे छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यासाठी शंट (येणारा-जाणारा करंट मोजणारी पट्टी) लावलेला बॅटरी मॉनिटर घ्यावा. लिथियमवर मी हा खर्च चैन मानत नाही.

लिथियम बॅटरीवर मीटर अगदी कमी किंवा शून्य दाखवत असेल तर घाबरू नका. आतल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने, बॅटरी तोडलेली असू शकते. जास्त उतरली, शॉर्ट झाला किंवा फार तापली, तर बीएमएस तेच करतो. लोड काढा, बॅटरी थंड होऊ द्या आणि लिथियमसाठी बनवलेल्या चार्जरने जागी करा. नागपूरच्या मेमध्ये हे कारण सर्वात आधी तपासा. बाहेर ४५ असताना उन्हात उभ्या गाडीत, सीटखालच्या बंद पेटीत तापमान त्याच्याही पुढे जातं आणि बरेच बीएमएस त्या तापमानाला चार्जिंगच थांबवतात. दुपारी सोलर जोरात, तरी बॅटरी भरत नाही आणि सूर्य कलल्यावर आपोआप भरू लागते, असं दिसलं तर दोष उष्णतेचा आहे. पेटीला जाळी आणि एक छोटा १२ व्होल्टचा पंखा बसवा.

लेड-ॲसिडलाही ऊन मानवत नाही. ढोबळ हिशेबाने १० अंश तापमान वाढलं की तिचं आयुष्य निम्म्यावर येतं. पाण्याची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर पंधरवड्याला पातळी बघा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं किंवा आरओचं नाही. तिच्यातून चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून तिच्या पेटीची हवा गाडीबाहेर गेलीच पाहिजे.

तिसरी पायरी: जोड तपासा, इथे घाई नको

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बॅटरीची पेटी उघडली की आधी वास घ्या. जळक्या प्लास्टिकचा वास लगेच कळतो. मग टॉर्च मारून प्रत्येक थिंबलचं मूळ बघा. निगेटिव्हच्या जाड केबलचं काळं इन्सुलेशन थिंबलपाशी जरा फुगलेलं, चकाकी गेलेलं दिसलं, तांब्यावर हिरवट-पांढरी भुकटी जमलेली दिसली, किंवा लोड बंद करून बोटांनी धरल्यावर थिंबल केसभरही हललं, तर चोर सापडला.

डोळ्यांना काहीच दिसत नसेल तर मीटर सांगतो. इन्व्हर्टरवर ५००-६०० वॉटचं काहीतरी चालू करा, तेवढ्या वॉटची छोटी विजेची किटली चालेल. आता मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा आणि दुसरी त्याच खुंटीवर बसलेल्या थिंबलवर. दोन्ही एकमेकांना चिकटलेल्या वस्तू, त्यामुळे मीटरने जवळपास शून्य दाखवायला हवं. ०.३ किंवा ०.५ व्होल्ट दिसला तर तेवढी वीज त्या एका जोडात उष्णता होऊन वाया जाते आहे. मग पुढे सरका: थिंबलपासून फ्यूजपर्यंत, फ्यूजच्या दोन टोकांवर, मेन स्विचच्या दोन टोकांवर, इन्व्हर्टरच्या खुंटीपर्यंत. निगेटिव्हची बाजूही याच पद्धतीने. जिथे आकडा उडी मारतो तिथे दोष. व्होल्टेज ड्रॉपची ही चाचणी शिकलात तर निम्म्या गॅरेजवाल्यांपेक्षा पुढे जाल.

एवढ्याशा सैलपणाने एवढं काय होतं, असं वाटेल. गणित करून बघा. १००० वॉटचा लोड १२ व्होल्टवर साधारण ९०-१०० अँपिअर ओढतो. जोडात अवघा ०.०१ ओहमचा अडथळा असेल तर १०० अँपिअरला १ व्होल्ट तिथेच गळतो आणि त्या बोटभर जागेत १०० वॉटची उष्णता तयार होते. जुना १०० वॉटचा बल्ब हातात धरून बघितलेल्या कोणालाही ते किती तापतं हे सांगायला नको. म्हणूनच बॅटरी १२.६ आणि इन्व्हर्टरपाशी ११ असं घडतं, इन्व्हर्टर लो-व्होल्टेजची शिटी मारतो आणि बदनाम होते बॅटरी.

आपल्याकडे हे जोड लवकर सैल होतात, त्याचंही कारण आहे. दिवसा पेटी पन्नाशीच्या पुढे तापते, रात्री थंड होते. तांबं, शिसं, पितळ वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि आकसतात. त्यात रस्त्याचे धक्के. म्हणून उन्हाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा सगळे नट पान्याने तपासायचे. फार आवळूनही चालत नाही, शिशाची खुंटी फिरते.

दुरुस्ती सोपी आहे. थिंबल काढा, वायर ब्रशने चमकेपर्यंत घासा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. थिंबल हातोड्याने ठोकून बसवलेलं असेल तर ते कापून टाका आणि हायड्रॉलिक क्रिम्पिंग असलेल्या दुकानातून नवीन बसवून घ्या. चॅसिसला दिलेली अर्थ रंगावर बसवलेली असते, हा बांधणीतला नेहमीचा दोष. रंग खरवडून धातूवर बसवा. १००० वॉटच्या इन्व्हर्टरला २५ ते ३५ स्क्वेअर एमएमची केबल हवी. त्याहून बारीक असेल तर कितीही घासलंत तरी उपयोग नाही.

चौथी पायरी: बॅटरी भरते आहे का?

इंजिन चालू करा. गाडीच्या बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. नाही दिसले तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा. तिथे दिसले पण घराच्या बॅटरीवर आकडा हलत नाही, तर मधला रिले (दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा स्विच), डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर घराची बॅटरी भरणारा) किंवा त्यांचा फ्यूज. बीएस-६ गाड्यांमध्ये अल्टरनेटर बरेचदा इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम व्होल्टेज खाली आणतो, आणि मग साधा व्होल्टेज बघून जुळणारा रिले उघडझाप करत राहतो. अशा गाडीत डीसी-डीसी चार्जरच लावावा. ३० अँपिअरचा चार्जर असेल तर नागपूर-शिर्डीच्या सहा तासांच्या प्रवासात हिशेबाने १८० अँपिअर-तासांपर्यंत भर पडू शकते. म्हणजे पोहोचेपर्यंत बहुतेक बॅटऱ्या भरायला हव्यात. भरत नसतील तर याच वाटेवर दोष शोधा.

सोलरचं तपासणं त्याहून सोपं. ३६ सेलच्या पॅनेलचा मोकळा (काही न जोडता मोजलेला) व्होल्टेज २१-२२ च्या आसपास असतो. तो आहे आणि कंट्रोलरच्या बॅटरीकडच्या बाजूला काही नाही, तर कंट्रोलर किंवा फ्यूज. उन्हात चालू असताना पॅनेलचे कनेक्टर ओढून काढू नका, ठिणगी पडते. आधी मधला ब्रेकर पाडा. उन्हाळ्यात १०० वॉटच्या पॅनेलने १०० वॉट द्यावेत ही अपेक्षाही सोडा. पॅनेल ७० अंशांना तापलं की पंधरा-सोळा टक्के तिथेच जातात, वरून धूळ. सकाळच्या गारव्यात कापडाने पुसायचं. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतायचं नाही.

पाचवी पायरी: २३० व्होल्ट आणि कूलर

इथून पुढे चूक जिवावर बेतू शकते, म्हणून सावकाश वाचा.

रिसॉर्टच्या किंवा ढाब्याच्या बोर्डला तीन भोकं असतात, पण वरच्या मोठ्या भोकाला मागे अर्थची वायर जोडलेली असेलच असं नाही. गाडीची केबल लावण्याआधी तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर खोचा. फेज-न्यूट्रल उलटे आहेत का आणि अर्थ आहे का, हे तो लगेच सांगतो. मीटरने बघायचं असेल तर एसी ७५० ची रेंज ठेवा आणि बोटं सुईच्या कडीच्या मागे. फेज-न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज-अर्थमध्येही तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट, असं हवं. अर्थ नसेल तर तिथे केबल लावू नका, मालकाने कितीही आग्रह केला तरी. गाडी रबरी टायरवर उभी असते. आत गळती झाली की पत्र्यातली वीज जमिनीकडे जायला वाट शोधते, आणि ओल्या मातीत अनवाणी उभं राहून दार उघडणारा माणूस ती वाट होतो.

मेमध्ये, त्यातही नवतपात, कूलरशिवाय गाडीत झोपणं नागपूरकराला शक्य नाही. पण कॅम्परमधल्या गळतीचा पहिला संशयित हाच. पंपाची वायर पाण्यात बुडालेली, तिचा जोड टेपने गुंडाळलेला, बॉडी पत्र्याची. आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) पडत असेल तर सगळे एमसीबी (प्रत्येक ओळीचे छोटे ब्रेकर) खाली करा, आरसीसीबी वर करा आणि एकेक एमसीबी चढवत जा. ज्याने पडतो त्या ओळीवरची सगळी उपकरणं काढा आणि एकेक परत लावा. कूलरच्या पंपावर पडला तर पंप फेकून नवीन घ्या, टेप लावून वापरू नका. गिझरच्या कॉइलवरही असंच घडतं. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचाच हवा, आणि त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. वारंवार पडतो म्हणून त्याला बायपास करून देणारा वायरमन भेटला तर त्याला गाडीतून उतरवा.

कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेला असावा. महावितरण दर उन्हाळ्यात हे सांगतं आणि तरीही विदर्भात दरवर्षी कूलरच्या शॉकने माणसं दगावतात. कोणी चिकटलं असेल तर त्याला हात लावू नका, आधी बाहेरची केबल ओढून काढा.

व्होल्टेज कमी असेल तेव्हा एसी घुं-घुं करतो पण कॉम्प्रेसर उचलत नाही. २०७ च्या खाली आकडा दिसला तर एसी बंद ठेवा. संध्याकाळी सगळ्या खोल्यांचे एसी सुरू झाले की रिसॉर्टचा व्होल्टेज खाली येतो, म्हणून दुपारचा नाही, रात्री ९ चा आकडा बघा. केबलचं गुंडाळं पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या केबलवर एसी चालवला तर ती आतून तापून वितळते.

इन्व्हर्टरवर चालताना आरसीसीबी राखण करतोच असं धरून चालू नका. न्यूट्रल आणि अर्थ यांची जोडणी कुठे केली आहे त्यावर ते अवलंबून असतं. जाणकाराकडून एकदा तपासून घ्या.

बॅटरी पुरत नाही, पण दोषही नाही

कधी कधी सगळं ठीक असतं आणि हिशेबच चुकलेला असतो. लहान प्लास्टिकचा कूलर १२० वॉटचा धरला तर इन्व्हर्टरमार्गे १० ते १२ अँपिअर, आठ तासांत ८०-९५ अँपिअर-तास. १०० च्या लेड-ॲसिडमधून सुखाने ५० च काढायचे असतात, म्हणजे पहाटेआधीच खेळ आटोपला. एक टनाचा एसी २०० अँपिअर-तासांच्या लिथियमवर दोन तासांच्या थोडं पुढे जातो. उलट १२ व्होल्टचा ३० वॉटचा पंखा रात्रभरात २० अँपिअर-तास घेतो. मे महिन्यात बॅटरीवर एसीचा हट्ट धरण्यापेक्षा अर्थ असलेली जागा शोधावी, हे माझं मत आहे.

उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरत असेल तर सगळं बंद करून निगेटिव्हवर डीसी क्लॅम्प लावा. अर्धा अँपिअर जरी दिसला तरी दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडला ती ओळ दोषी. स्टँडबायवर राहिलेला इन्व्हर्टर यात बहुतेक वेळा पहिला सापडतो. पार्किंगमध्ये गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघा.

कुठे थांबायचं

बॅटरी फुगली असेल, तिच्यातून सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, २३० च्या बोर्डमध्ये काळे डाग असतील किंवा गाडीच्या पत्र्याला मुंग्या आल्यासारखं होत असेल, तर काही उघडू नका. बाहेरची केबल काढा, मेन स्विच पाडा, दारं उघडा आणि माणूस बोलवा. माणूस निवडताना एक लक्षात ठेवा: ऑटो इलेक्ट्रिशियनला १२ व्होल्ट पाठ असतात पण आरसीसीबीशी त्याचा संबंध येत नाही, आणि घरच्या वायरमनला डीसीच्या केबलची जाडी कळत नाही. दोन्ही येणारा मिळाला तर नंबर जपून ठेवा. नाहीतर काम वाटून द्या, आणि दोघांनाही तो दारावरचा कागद आणि तुम्ही मोजलेले आकडे, वेळेसकट, आधी वाचायला द्या.